रोबोला क्रोशे शिकवायचंय? आधी आजीचा डावा हात बघ

तू जे विचारलंयस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. आजी पन्नास वर्षं क्रोशाचे रुमाल, तोरणं, बाळाची टोपडी विणतेय. कॉलेजच्या लॅबमध्ये सहा अक्षांचा, म्हणजे सहा सांध्यांवर फिरणारा, रोबो हात आहे. त्याला क्रोशाची सुई बांधली तर तो विणेल का, वर्षभराच्या प्रकल्पात काय जमेल, आणि यातून आजीसारख्या बायकांच्या हाती काही पडेल की आहे तेही जाईल?

साखळी जमेल. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा बुटका टाका, जमवता येईल, पण दिवाळीपासून मार्चपर्यंतचा सगळा वेळ त्यातच जाईल. आजीचा रुमाल या वर्षी जमणार नाही, आणि तो करायलाही जाऊ नये असं माझं मत आहे. का ते पुढे येईलच. मी बावीस वर्षं पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रोबो बसवायचं काम केलं. वेल्डिंगचे, माल उचलायचे, काचेला सीलंट लावायचे. क्रोशे त्याच्याही आधीपासून, आठवीत असताना आईकडून शिकले. गेली सहा वर्षं या दोन्ही गोष्टी एका टेबलावर आणायचा प्रयत्न चाललाय, त्यात जे हाती लागलं ते लिहिते.

नेटवर ‘क्रोशे मशीन’ शोधशील तर भराभर टाके घालणारी बरीच यंत्रं विकायला दिसतील. ती तुझ्या कामाची नाहीत. ती ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांच्या साखळ्या शेजारी शेजारी विणतात आणि आडवा धागा त्यांना बांधत जातो. त्यांतून लेस, झालर, इलास्टिकची पट्टी निघते. दिसायला क्रोशासारखी, नावही क्रोशेच, पण तो टाका वेगळा आहे. आजी घालते तो टाका कारखान्यात घालणारं यंत्र आजही वापरात नाही. म्हणजे दुकानात टांगलेला खरा क्रोशाचा टॉप किंवा पिशवी कुणीतरी हाताने विणलेली असते. किंमतीची चिठ्ठी तीनशे रुपयांची असली तरी.

असं का, हे नीट समजून घे, कारण तुझं सगळं डिझाइन यावर उभं राहणार आहे.

दोन सुयांच्या विणकामात त्या ओळीचा प्रत्येक टाका सुईवर जिवंत असतो, म्हणजे अजून बंद न झालेला, सुई काढली तर सुटेल असा फास. इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ मध्ये मोजे विणायची चौकट बनवली, तेव्हा त्याने मुख्य गोष्ट एवढीच केली की प्रत्येक टाक्याला स्वतःची एक सुई दिली. टाक्याला कायमचा पत्ता मिळाला. आजची संगणकावर चालणारी विणयंत्रंही तोच पत्ता वापरतात. १९९५ मध्ये जपानच्या शिमा सेइकी कंपनीने बिनशिवणीचा अख्खा स्वेटर एकाच वेळी विणणारं यंत्र आणलं, तेसुद्धा सुयांच्या ओळींवरच चालतं. क्रोशात मात्र सुईवर एकच जिवंत फास असतो. बाकी सगळं विणलेलं मोकळं, लोंबतं. पुढचा टाका घालायचा तो त्या लोंबत्या कापडातल्या एका घरात, म्हणजे आधीच्या टाक्याच्या भोकात, आणि तो खालच्या टाक्यातही अडकवायचा, शेजारच्या टाक्यातही. ते घर मघाशी जिथे होतं तिथेच आत्ता असेल, असं काहीही त्याला बांधून ठेवत नाही.

आरीचं काम जवळून बघितलं असशील तर हे चटकन पटेल. चौकटीवर कापड ताणलेलं, वरून आकडीची सुई खाली जाते, खालचा धागा उचलून वर आणते, साखळी पुढे सरकते. युरोपातलं क्रोशे अशाच ताणलेल्या कापडावरच्या साखळीच्या भरतकामातून निघालं असं बरेच अभ्यासक मानतात. कापड काढून टाकलं आणि साखळी हवेतच विणायला लागले. कापड ताणलेलं होतं तोवर यंत्रालाही सोपं होतं. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिएने १८३० मध्ये ज्या शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं ते आकडीच्या सुईने साखळी टाकाच घालायचं. कापड गेलं आणि पत्ता गेला. तिथून पुढे ते काम माणसाच्या डाव्या हाताने उचललं.

आता आजीच्या समोर बस आणि उजव्या हाताकडे अजिबात बघू नकोस.

दोरा करंगळीला एक वेढा घेतो, मधल्या बोटांखालून जातो आणि तर्जनीवरून सुईकडे उतरतो. करंगळी ब्रेकचं काम करते. तर्जनी दोऱ्याचा ताण ठेवते आणि वेळ आली की तो अर्ध्या सेकंदापुरता सैल सोडते. अंगठा आणि मधलं बोट चालू टाक्याच्या अगदी खाली कापड चिमटीत धरतात आणि दर टाक्याला ती चिमटी एक घर पुढे सरकते. मी आईचा हात मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने टिपला आणि नंतर हळू चालवून बघितला. मला वाटत होतं की फास ओढून बाहेर काढते ती सुई. पडद्यावर दिसलं ते असं: सुई घरात शिरली, दोरा आकडीत आला, सुईने स्वतःभोवती पाव फेरी घेऊन तोंड खाली केलं, आणि त्याच क्षणी अंगठ्याने कापड किंचित खाली ओढलं. सुई जेमतेम हलली. फास सुईवरून उतरवला तो कापडाने. अर्ध्याहून जास्त हालचाली डाव्या हाताच्या निघाल्या.

मग एक साधा प्रयोग केला. आईला उजव्या हातात पातळ रबरी मोजा घालायला दिला आणि वीस टाके घालायला सांगितले. काही फरक नाही. मोजा डाव्या हातात घातला आणि तेच वीस टाके सांगितले, तर टाके घट्ट झाले, एक घर सुटलं, आणि एरवी मालिका बघत विणणारी आई मान खाली घालून विणायला लागली. ती म्हणाली, "अगं, भोक सापडत नाहीये." हातात पंचावन्न वर्षांची सवय असताना एका रबराच्या पापुद्र्याने घर हरवलं. तुझ्या रोबोच्या बोटांवर तर सगळा रबरच आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

मी पहिल्या वर्षी रोबोला फक्त उजवा हात दिला होता. कापड एका चौकटीत चापांनी पकडलं, रोबोला सुई बांधली, वर कॅमेरा लावला. रोबो त्याच त्या जागी ०.०५ मिमीच्या फरकाने परत येतो याचा मला भरवसा होता, आणि तो येतही होता. पण मधल्या वेळात घर दोन-तीन मिमी सरकलेलं असायचं. कधी सुई टाक्याच्या दोन पायांऐवजी एकाच पायाखालून जायची, कधी दोऱ्याच्या पिळातूनच आरपार शिरायची आणि दोरा फाकायचा. बाहेर येताना आकडी मागच्या फासात अडकली की सगळंच ओढलं जायचं. जितका रोबो अचूक, तितकी ती चूकही ठामपणे करायचा.

या क्षेत्रात आजवर झालेल्या कामांपैकी तू आवर्जून बघावंस असं म्हणजे हार्वर्डच्या वास्तुकला-डिझाइन शाखेत गॅब्रिएला पेरी आणि सहकाऱ्यांनी केलेलं ‘क्रोशेमॅटिक’, जे त्यांनी २०२३ मध्ये रोबोटिक्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलं. त्यांनी रोबो हात घेतलाच नाही. मॅजिक रिंगपासून, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या सुरुवातीच्या कड्यापासून, गोल गोल वाढणाऱ्या विणीसाठी नऊ अक्षांचं वेगळं यंत्र बनवलं, त्यात दोऱ्याचा ताण मोजणारा सेन्सर घातला, आणि चार प्रकारचे टाके करून दाखवले. मुक्या खांबात यश मिळालं ५०.७ टक्के. कुणाला हा आकडा कमी वाटेल. मला तो वाचून त्यांच्याबद्दल आदर वाटला, कारण हवेतल्या घरात सुई घालून निम्मे टाके बरोबर येणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. जर्मनीत बिलेफेल्डच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातही सपाट क्रोशे विणणाऱ्या यंत्राचा नमुना तयार झाला आहे. दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट समान आहे. त्यांनी माणसाच्या हाताची नक्कल सोडून टाक्याची गरज काय ते विचारलं.

आता या आकड्याचं गणित कर. टाक्याला ५०.७ टक्के यश म्हणजे पहिल्या फेरीचे सहा टाके ओळीने बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनसुद्धा नाही. बरं, आपण खूप सुधारणा केली, ९९.९ टक्क्यांवर गेलो, तरी दोन हजार टाक्यांचा छोटा रुमाल एकाही चुकीशिवाय पुरा व्हायची शक्यता शंभरात तेरा-चौदाच. म्हणून टाका न चुकवणारा रोबो करायच्या मागे लागू नकोस. टाका चुकला हे ओळखून उसवणारा रोबो कर.

क्रोशाची ही मोठी कृपा आहे आणि यंत्रवाल्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. दोन सुयांच्या विणीत टाका निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात जिवंत फास एकच, त्यामुळे दोरा मागे ओढला की बरोबर एक टाका उसवतो, मागचा शाबूत राहतो. आजी किती वेळा उसवते ते मोजून बघ, कुशल हातसुद्धा सतत उसवत असतो. यंत्रात यासाठी दोन गोष्टी लागतात. दोऱ्याच्या रिळाला मोटर लाव, म्हणजे दोरा देता येईल तसा परतही घेता येईल. आणि त्या मोटरला एन्कोडर, म्हणजे ती किती फिरली ते मोजणारा सेन्सर, लाव. प्रत्येक टाका ठरावीक दोरा खातो. माझ्या हाताने ४ मिमीच्या सुईवर, मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याचा मुका खांब साधारण साडेतीन सेंटिमीटर खातो. सुई घर चुकवून नुसती वर आली तर दोरा कमी जातो, दुसऱ्या फासात अडकली तर जास्त. म्हणजे टाका बरोबर आला का हे कॅमेऱ्याने शोधायच्या आधी दोऱ्याची लांबीच सांगते. आजीच्या हाताचा आकडा काढायचा तर वीस टाके विणून घे, खुणेपासून उसव, दोरा पट्टीवर सरळ कर आणि वीसने भाग. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते प्रत्येक टाक्यासाठी वेगळं कर, कारण खांब मुक्या खांबापेक्षा कितीतरी जास्त खातो.

राहिला घर हरवण्याचा प्रश्न. त्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त चालली ती युक्ती अगदी घरगुती आहे. नवशिक्या मुलींना आपण टाक्यात खुणेची पिन अडकवायला सांगतो ना, तसं प्रत्येक टाका पुरा होताक्षणी, तो कुठे आहे हे यंत्राला नक्की ठाऊक असतानाच, त्याच्या दोन पायांखाली एक बोथट पिन सरकवायची. पिना एका फिरत्या चकतीवर. पुढच्या फेरीत सुई घर शोधत नाही, पिनेच्या पोटातली खाच धरून आत जाते आणि पिन मागे हटते. लीने प्रत्येक टाक्याला सुई दिली, आपण प्रत्येक टाक्याला पुढची फेरी येईपर्यंत पिन देतो. हे केल्यावर आमच्याकडे घर हुकणं झटक्यात कमी झालं. पण फेरीतले टाके वाढले की पिनाही वाढवाव्या लागतात, त्यामुळे हे लहान गोलापुरतंच सोयीचं आहे, हेही सांगून ठेवते. तुझ्या प्रकल्पाला लहान गोल पुरे.

साहित्याबद्दल. बारीक दोऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. पुण्यात असशील तर बोहरी आळीतून ६ मिमीची सुती दोरी आण आणि सुई १२ ते १५ मिमीची घे. दोरी जाड झाली की घरंही मोठी होतात आणि रोबोच्या दोन मिमीच्या चुका पोटात जातात. सुई थ्रीडी प्रिंटरवर काढणार असशील तर आडवी ठेवून काढ. उभी काढलीस तर थर सुईच्या लांबीला आडवे पडतात आणि ओढ बसली की आकडीच्या मानेपाशीच ती मोडते. आडवी काढली तरी थरांच्या कडांना सुताचे तंतू अडकतात, म्हणून बारीक पॉलिश पेपरने घास आणि वर मेण चोळ. खरं सांगायचं तर तिसऱ्या सुईनंतर मी सुताराकडून शिसवीची लेथवर कातून घेतली आणि आकडी हाताने कोरली, तीच अजून चालते. दोरीचा पीळही बघ. एकाच दिशेने वेढे घेत गेलं की काही दोऱ्यांचा पीळ सुटत जातो, काहींचा आवळत जातो. माणूस मधेमधे दोरा लोंबकळत सोडून तो सारखा करतो. रोबोला ते सुचत नाही, म्हणून रिळाखाली फिरती चकती ठेव.

लॅबची सोय नसेल तर पुणे जिल्ह्यात पाबळचा विज्ञान आश्रम आठव. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे थ्रीडी प्रिंटरसारखी यंत्रं वापरून वस्तू बनवायची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथे उभी राहिली. हाताने करत शिकायचं हे तर त्या जागेचं मूळच आहे.

आता यंत्र बाजूला ठेवून लिपीकडे येते. डिजिटल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवणारा रोबो येतो, पण क्रोशाला सगळ्यात आधी गरज आहे ती सरळ लिपीची. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब अशी नावं, तीही घरोघरी थोडी बदलतात. यंत्राला नाव देऊच नकोस, कृती दे. प्रत्येक टाक्याचे तीन आकडे पुरतात: घरात शिरण्याआधी सुईवर वेढे किती, कुठल्या घरात शिरायचं, आणि नंतर फास कितीकितीतून काढायचे. मुका खांब म्हणजे वेढा शून्य, घरातून एक फास वर, मग दोनातून एकदा. खांब म्हणजे वेढा एक, घरातून फास वर, मग दोनातून दोनदा. दुहेरी खांब म्हणजे वेढे दोन, मग दोनातून तीनदा. बघ, ‘दोनातून काढणे’ हे वेढ्यांपेक्षा नेहमी एकाने जास्त. अर्धा खांब तेवढा वेगळा, वेढा एक आणि शेवटी तिन्ही फास एकदम. आजीला हे असं कुणी मांडून दाखवलेलं नसेल, पण तिला दाखव. माझ्या आईने ते ऐकून दहा मिनिटांत वेढे पाच घेऊन एक उंचच उंच खांब करून दाखवला, जो तिने आधी कधी केला नव्हता.

असंच एक गणित गोलाचं. सपाट गोल हवा असेल तर मुक्या खांबाने सुरुवातीला सहा टाके आणि दर फेरीला सहा वाढवायचे, अर्ध्या खांबाने आठ, खांबाने बारा. हे आजीला पाठ असतं. कारण असं की फेरी एका टाक्याच्या उंचीने बाहेर गेली की परीघ त्या उंचीच्या २π पट, म्हणजे सव्वासहा पट वाढतो. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच, म्हणून सहा. खांब दुप्पट उंच, म्हणून बारा. वाढवणं कमी केलंस की वाटी होते, जास्त केलंस की झालर उठते. ही झालर म्हणजे नुसती नक्षी नव्हे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना तैमिना या गणितीने १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक, म्हणजे बाहेर जावं तसा झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग विणला. कागदाचे नमुने फाटायचे, हा हातात घेऊन दुमडता येतो, त्यावर सरळ रेषा शिवून दाखवता येते.

आणि यातून तुझ्या प्रकल्पाची दुसरी वाट निघते, जी मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. संगणकाने सूचना काढायच्या आणि विणायचं हाताने. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलमध्ये हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउस्कॉफ हे गणिती हवामानाच्या अभ्यासातून आलेल्या लोरेन्झच्या समीकरणांमधल्या एका वेड्यावाकड्या पृष्ठभागावर काम करत होते. त्यांच्या प्रोग्रामने तो पृष्ठभाग कड्याकड्यांनी वाढवत काढला होता. ओसिंगाच्या लक्षात आलं की हे कडं म्हणजे क्रोशाची फेरीच आहे, आणि कुठे किती टाके वाढवायचे हे प्रोग्रामच सांगतोय. तिने २५,५११ टाके विणून तो पृष्ठभाग उभा केला, ८५ तास लागले, आणि २००४ मध्ये दोघांनी तो सूचनांसकट प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये इस्रायलच्या टेक्निऑन विद्यापीठात मिखाल एडेलश्टाइन आणि सहकाऱ्यांनी ‘अमिगो’ नावाचं साधन मांडलं. त्यात बाहुलीचं थ्रीडी मॉडेल आणि सुरुवातीचा एक बिंदू द्यायचा. त्या बिंदूपासून पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतरांच्या रेषा म्हणजे फेऱ्या, रेषेच्या लांबीवरून टाके, आणि शेवटी वाचून विणता येईल असा मजकूर. असं एखादं छोटं साधन मराठीत, आजीच्या शब्दांत सूचना देणारं बनवलंस, तर ते सहा महिन्यांत पुरं होईल आणि दुसऱ्या दिवसापासून वापरात येईल. आजीच्या हातात सेंटिमीटरला किती टाके बसतात हे आधी मोजून प्रोग्रामला दे. एकच नमुना दोन बायकांनी विणला तर एकीची टोपी बाळाला होते आणि दुसरीची थोरल्या भावाला.

चॅटबॉटकडून नमुने लिहून घ्यायचा मोह होईल. भाषा हुबेहूब येते, बेरीज चुकते. फेरीत अठरा टाके म्हणतो आणि सूचना मोजल्या तर सोळा भरतात. प्रत्येक फेरीची बेरीज तपासणारा छोटा प्रोग्राम स्वतः लिही.

आता काय विणावं याबद्दल, आणि इथे माझं मत ठाम आहे. रोबोने रुमाल आणि तोरण विणू नये. जिथे माणसाच्या बोटांना इजा होते तिथे त्याला ने: काचेचे तंतू, बेसॉल्टचे तंतू, बारीक तार, ओली जड दोरी. विणीने काय उभं राहू शकतं याचा एक दाखला देते. २०१८ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्र विद्यापीठाने मेक्सिको सिटीत ‘निटकँडेला’ नावाचं काँक्रीटचं कवच बांधलं. त्याचा साचा यंत्रावर विणलेल्या कापडाचा होता, चार पट्टे, ३६ तासांत विणलेले. कापडाचं वजन २५ किलो, ते सामानाच्या बॅगांत घालून विमानाने नेलं, आणि त्यावर ५ टनांहून जास्त काँक्रीट चढलं. ते निटिंग, म्हणजे दोन सुयांच्या विणकामाची वीण, होतं, कारण निटिंगला यंत्र आहे. क्रोशाला एक जास्तीची ताकद आहे: त्याला सुयांची ओळ लागत नाही, वीण कुठूनही फाटा फुटून कुठल्याही दिशेला वाढू शकते, आणि एकेका टाक्याची उंची बदलता येते. जपानी कलाकार तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम मुलांनी चढावं, लोळावं अशी प्रचंड क्रोशाची जाळी हाताने विणतात. हाकोनेच्या संग्रहालयातलं त्यांचं जाळं २००९ चं आहे. एवढं जड विणणं म्हणजे खांद्या-मनगटांची काय गत होत असेल ते विणणारीच जाणते. अशा कामाचं ओझं रोबोने उचलावं, ओढायचं काम त्याने करावं, घर कुठलं ते माणसाने दाखवावं.

आजीसारख्या बायकांचं काय, हा तुझा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला नाही, त्याला आधीचं सगळं माहीत असणं गरजेचं होतं. आंध्रातल्या नरसापूरला क्रोशाची लेस १९व्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी नेली. १९७० च्या दशकाच्या शेवटी जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस तिथे राहिल्या तेव्हा हजारो बायका परदेशी जाणारी लेस घरात बसून विणत होत्या. त्यांची मोजणी कामगारांत होत नव्हती, कारण त्या ‘घरी बसलेल्या गृहिणी’ होत्या. विणणं बायकांचं, व्यापार पुरुषांचा, मजुरी नगावर आणि तुटपुंजी. त्या बायकांचं नुकसान कुठल्याही यंत्राने केलं नव्हतं. ते झालं कारण त्यांच्या हातातल्या ज्ञानाला काम म्हणायलाच कुणी तयार नव्हतं. तू आजीच्या हाताचं चित्रीकरण करशील, आकडे काढशील, त्यावर रोबो शिकवशील, तेव्हा तेच पुन्हा घडू शकतं. म्हणून अहवालात आजीचं नाव आभाराच्या पानावर घालू नकोस, सहकारी म्हणून पहिल्या पानावर घाल. गावातल्या आणखी बायकांकडून नमुने घेणार असशील तर तासाप्रमाणे पैसे दे. नमुना वाईट आला तरी दे, कारण तुला चुकलेले टाकेही लागणार आहेत. आणि चित्रफिती कुठे ठेवणार, कोण वापरणार, हे त्यांना मराठीत लिहून दे.

आजीला लॅबमध्ये ने. लाकडी खुर्ची घेऊन जा, लॅबच्या उंच स्टुलावर बसून तिला विणता येणार नाही. रोबो शिकवायच्या मोडवर ठेव, म्हणजे वेग सेकंदाला २५० मिमीच्या आतच राहील, आणि तिच्या बाजूला पिवळी रेघ आखून घे. मग तिच्या डाव्या हाताशी एक साधं बटण ठेव, दाबलं की रोबो थांबेल असं. तिला एवढंच सांग की टाका बिघडतोय असं वाटलं की दाब. मी हे आईबरोबर केलं तेव्हा एन्कोडरला चूक कळायच्या आधीच, सुई आत शिरत असतानाच, ती बटण दाबायची. प्रत्येक दाबण्याची वेळ नोंदव आणि त्या क्षणाच्या आधीची एका सेकंदाची चित्रं वेगळी काढ. तुझ्या कॅमेऱ्याला काय बघायला शिकवायचं ते त्या एका सेकंदात आहे.